पंधरा वर्षांनी पान्हा

ब्लाऊजवर मशीनच्या तेलाचा डाग पडला की मी त्यावर टाल्कम पावडर चोळून ठेवते. तेलाचा डाग पिवळट असतो, कडेनं पसरतो, पावडरीनं निम्मा तरी उतरतो. गेल्या एप्रिलात माझ्या स्वतःच्या ब्लाऊजवर जो डाग दिसला तो तसला नव्हता. रुपयाएवढा गोल, वाळून कडक झालेला, खळ लागल्यासारखा. आणि जागा अशी, की बावीस वर्षं ब्लाऊज शिवणाऱ्या बाईला ती ओळखायला टेप लागत नाही. चारी टक्स जिथं येऊन मिळतात, बरोब्बर तिथं. दुसरी बाजू पाहिली. तिथंही होता, जरा लहान.

कराडात माझं दुकान आहे, दहा बाय बाराचं. पडद्यामागे ट्रायलची जागा. एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई, मान वर करायला फुरसत नसते. त्या दिवशीही नवरीचे पाच ब्लाऊज द्यायचे होते. मी पडद्यामागे गेले, हुक काढले, बोंडाला जरा दाबून पाहिलं आणि पांढरा थेंब वर आला. दूध. धाकटा माझा सतरा वर्षांचा. पावणेदोन वर्षांचा होईपर्यंत त्याला अंगावर पाजलं, म्हणजे तो कारखाना बंद होऊन पंधरा वर्षं झाली. आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार म्हणतात. इथं आडाचाच पत्ता नव्हता आणि पोहरा मात्र भरत होता.

पहिले तीन आठवडे मी काहीही केलं नाही. म्हणजे, एक गोष्ट केली आणि ती चुकीची होती. रोज रात्री न्हाणीघरात जाऊन दाबून बघायचे. आज येतंय का, कालच्यापेक्षा कमी आहे का, रंग बदलला का. नंतर डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, असं रोज दाबत राहिलं की शरीराला वाटतं बाळ ओढतंय, आणि ते आणखी दूध तयार करतं. मी रोज तपासत होते म्हणून ते थांबत नव्हतं, असंही थोडं होतंच.

सांगायचं कुणाला? ह्यांना सांगितलं असतं तर ह्यांनी त्याच संध्याकाळी सगळ्या घराला कळेल अशी काळजी केली असती. मुलगी पुण्याला शिकते, तिला फोनवर काय सांगणार? शेवटी मोठ्या जाऊबाईंना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "पान्हा फुटलाय गं तुला. पाळी कधी आलेली?"

पाळी दोन महिने आली नव्हती. मी त्रेचाळीसची, जायचं वय झालं असं समजून मी ते सोडून दिलं होतं. जाऊबाईंचा हिशेब वेगळा. दुसऱ्या बाळंतपणानंतर माझं ऑपरेशन झालेलं, हे त्यांना माहीत होतं, तरी त्या म्हणाल्या, "ऑपरेशन फेल गेलेली मी दोन पाहिलीत." मग काय, पन्नास-साठ रुपयांचं किट आणलं. आमच्या पेठेतून नाही, मलकापूरच्या बाजूला जाऊन, तोंडाला स्कार्फ बांधून. या वयात! एकच रेघ आली. जाऊबाईंचा चेहरा थोडा उतरल्यासारखा मला वाटला, पण ते असो.

त्या रात्री मोबाईलवर शोधलं. ते करू नये एवढंच सांगते. दहा मिनिटांत मी स्वतःची तेराव्यापर्यंतची व्यवस्था मनात लावून ठेवली होती.

स्त्रीरोगतज्ज्ञ बाई माझ्या ओळखीच्या नव्हत्या, गिऱ्हाईक तर अजिबात नव्हत्या. मुद्दाम अशाच बघितल्या. आत गेल्यावर मी म्हटलं, "छातीतून पाणी येतंय." त्यांनी खुर्ची पुढं ओढली आणि जे विचारलं ते मी इथं लिहिते, कारण या प्रश्नांच्या उत्तरांवरच पुढचं बरंचसं ठरतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

एका बाजूनं की दोन्ही? आपोआप येतं की दाबल्यावर? एकाच छिद्रातून की बऱ्याच? रंग कसला? गाठ लागते का? बोंड आत ओढलं गेलंय का, कातडीवर खळी पडलीय का? डोकं दुखतं का? बाजूचं दिसायला कमी झालंय का, म्हणजे रस्ता ओलांडताना कडेनं येणारी गाडी उशिरा दिसते का? थंडी जास्त वाजते का, वजन वाढलं का, थायरॉईड कधी केलं? घरात कुणाला स्तनाचा कॅन्सर? आणि शेवटी, कुठलं औषध चालू आहे?

मी म्हटलं, "काही नाही. बीपी नाही, शुगर नाही, काही नाही."

हे मी अगदी खरं म्हणून सांगितलं.

मग तपासणी. दिवसभर मी बायकांची मापं घेते, छाती, कंबर, मुंडा. बाया अंग चोरून उभ्या राहतात तेव्हा "सैल सोडा हो, श्वास घ्या" असं सांगते. त्या टेबलावर झोपल्यावर मी स्वतः इतकं अंग चोरलं की बाईंनाच ते वाक्य मला म्हणावं लागलं. त्यांनी बोटांच्या पेरांनी गोल गोल, काखेपर्यंत सगळं चाचपलं, मग कडेनं दाबून थेंब पांढऱ्या गॉजवर घेतला. पांढऱ्या गॉजवर रंग लपत नाही. दूधच होतं, दोन्हीकडून, तीन-चार छिद्रांतून. "हे बरं लक्षण आहे," त्या म्हणाल्या. मला त्यात बरं काय ते कळेना.

त्यांनी समजावलं ते असं. दोन्हीकडून, अनेक छिद्रांतून, दाबल्यावर दुधासारखं येत असेल तर गडबड बहुतेक स्तनात नसतेच, ती रक्तातल्या हार्मोनची असते. जास्त काळजी करायची ती एकाच बाजूनं, एकाच छिद्रातून, आपोआप, कपड्याला लागेपर्यंत येणाऱ्या स्त्रावाची, आणि तो रक्ताळलेला किंवा अगदी पाण्यासारखा स्वच्छ असेल तर नक्कीच. मला वाटायचं स्वच्छ पाणी म्हणजे निर्धोक, लाल म्हणजे वाईट. स्वच्छ पाण्याचाही संशय घेतात हे मी तिथं पहिल्यांदा ऐकलं. मात्र लाल आलं म्हणजे कॅन्सरच असंही नाही. दुधाच्या नळीत चामखिळीसारखी एक बारीक वाढ होते, पॅपिलोमा म्हणतात, रक्ताळ स्त्रावाचं ते अगदी नेहमीचं कारण आहे आणि बहुतेकदा ती साधी असते.

मी म्हटलं, माझे डाग आपोआपच पडले होते. त्या म्हणाल्या, "दिवसभर मशीनवर पुढं वाकून बसता, छाती घट्ट कपड्यात दाबली जाते. ते दाबणंच झालं." माझ्याच शिलाईला माझ्याच तोंडावर घट्ट म्हणणारी ही पहिली बाई. पण बरोबर होतं.

त्या थेंबाची तपासणी का नाही करत, असं मी विचारलं. त्यातून फारसं ठरत नाही, म्हणाल्या. रक्ताच्या तपासण्या दिल्या, प्रोलॅक्टिन म्हणजे दुधाच्या हार्मोनची, टीएसएच म्हणजे थायरॉईडची, किडनीची एक, आणि गर्भाची चाचणी पुन्हा. आणि चाळीशी ओलांडलेली, आधी एकदाही काढलेला नाही, म्हणून मॅमोग्राफी व सोबत सोनोग्राफी. प्रोलॅक्टिनचं रक्त उठल्या उठल्या द्यायचं नाही, झोपेत ते वाढलेलं असतं. उठून दोन-तीन तास झाल्यावर, उपाशीपोटी, लॅबमध्ये जरा शांत बसून द्यायचं. आणि आदल्या दिवशी दाबून बघायचं नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. चेहऱ्यावर लिहिलेलं असावं माझ्या.

मॅमोग्राफीबद्दल बायका फार घाबरवतात. खरं सांगायचं तर दुखतं, पण मोजून काही सेकंद. काखेत पावडर, सेंट काही लावून जायचं नाही, फोटोत ठिपके येतात. मशीनला दोन सपाट पट्ट्या असतात. त्यात स्तन ठेवून वरची पट्टी खाली येते, कॉलरला बकरम चिकटवताना आपण इस्त्री दाबून धरतो तशी. एकदा वरून खाली, एकदा तिरकं, दोन्ही बाजू मिळून चार फोटो. मशीनवर मुलगीच होती. प्रत्येक वेळी "झालं मावशी, झालं" म्हणायची आणि झालेलं नसायचं.

बाहेर बाकावर पाटणकडची एक बाई बसली होती, साठीची असेल. डोक्यावर पदर. तिनं आपणहून विचारलं, तुला काय झालंय. मी सांगितलं, तिनं तिचं सांगितलं. तिला डाव्या बाजूनं लाल येत होतं, चार महिने. चार महिने तिनं आत फडकं ठेवून काढले, कारण सुगी होती, मग नातवाचं बारसं होतं. सुनेनं धुण्यात फडकं बघितलं म्हणून ती इथं आली. मी तीन आठवडे लपवलं तर केवढा शहाणपणा केल्यासारखं मला वाटत होतं, आणि ही चार महिने. पुढं तिचं छोटं ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली. हे मला माहीत आहे कारण ती दिवाळीत ब्लाऊज शिवायला आली, आणि म्हणाली, डाव्या बाजूला माप पुन्हा घे.

माझे फोटो चांगले आले. अहवालात बायरॅड्स २ लिहिलं होतं, म्हणजे जे दिसलं ते निर्धोक. पाण्याची एक बारीक साधी गाठ, तिला काही करायचं नाही. टीएसएच ठीक, किडनी ठीक, गर्भ अर्थातच नाही. प्रोलॅक्टिन मात्र १४२. त्या लॅबच्या कागदावर पंचवीसच्या आसपासपर्यंत नॉर्मल छापलेलं.

बाईंनी कागद टेबलावर ठेवला आणि मेंदूबद्दल बोलायला लागल्या. कपाळामागे, मेंदूच्या तळाशी, वाटाण्याएवढी पियुषिका ग्रंथी असते. दुधाचा हार्मोन तिथून येतो. कधी कधी तिच्यावर बारीक गाठ होते आणि ती जास्त प्रोलॅक्टिन सोडते. ही गाठ कॅन्सरची नसते, बहुतेकांना गोळ्यांनीच ती आटोक्यात येते, पण बघायला एमआरआय लागतो. आता ह्यांना सोबत नेलं होतं. छातीच्या दुखण्याला मेंदूचा फोटो, हे ऐकून ह्यांनी दोन वेळा "कुठला?" म्हणून विचारलं. मी मनात आकडे मांडत होते, सात-आठ हजार तरी, म्हणजे किती ब्लाऊज.

बाईंनी एमआरआय लिहायला पेन उचललं आणि सहज म्हणाल्या, "रक्त दिलं त्या दिवशी सकाळी काही खाल्लं नव्हतं ना?"

"नाही हो. चहासुद्धा नाही. फक्त ती रोजची ॲसिडिटीची गोळी, ती उपाशीपोटीच घ्यायची असते."

पेन थांबलं. "कुठली गोळी?"

पर्समध्ये होतीच. असतेच. त्यांनी पट्टी उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचली आणि विचारलं, "कधीपासून?"

दिवाळीपासून. दिवाळीच्या गर्दीत जेवणाची वेळ राहिली नव्हती, दिवसाला सात-आठ कप चहा, छातीत जळजळ, पोट फुगलेलं. एका डॉक्टरांनी ही कॅप्सूल पंधरा दिवस लिहून दिली. सहाव्या दिवशी मी ठणठणीत. पंधरा दिवसांनी बंद केली तर पुन्हा जळजळ. मग मेडिकलमध्ये रिकामी पट्टी दाखवायची आणि नवी घ्यायची, सहा महिने. चिठ्ठी कुणी मागितली नाही, आणि मागितली असती तर मलाच राग आला असता. ॲसिडिटीच्या गोळीला कसली चिठ्ठी? बीपीची गोळी ती गोळी, शुगरची गोळी ती गोळी. ही म्हणजे ओव्याच्या अर्कासारखी. "औषध काही चालू आहे का" या प्रश्नाचं उत्तर देताना ती माझ्या डोक्यात आलीच नाही. मी खोटं बोलले नव्हते.

त्या कॅप्सूलमध्ये दोन औषधं होती. एक राबेप्राझोल, ॲसिड कमी करणारं. दुसरं लेव्होसल्पिराइड, ७५ मिलिग्रॅम, आणि सगळी गंमत ह्याची. आपल्या मेंदूत डोपामिन नावाचं रसायन असतं, ते प्रोलॅक्टिनला लगाम घालून ठेवतं. बाळंतपण नसताना दूध येत नाही ते या लगामामुळे. लेव्होसल्पिराइड हे डोपामिनला अडवतं. पोटातल्या डोपामिनला अडवलं की जठर लवकर रिकामं होतं, फुगारा कमी होतो, म्हणून ते ॲसिडिटीच्या गोळीत घालतात. पण त्याला पोट तेवढं कळत नाही. ते पियुषिकेवरचा लगामही सोडवतं. मग प्रोलॅक्टिन वाढतं, दूध येतं, आणि शरीर समजतं की बाळ अंगावर पितंय, म्हणून पाळीही थांबवतं. माझी दोन महिन्यांची "जायची" पाळी याच हिशेबात होती. डोमपेरिडोन हे दुसरं औषध, उलटीच्या आणि ॲसिडिटीच्या गोळ्यांत भरपूर असतं, तेही हेच करू शकतं. मनाच्या आजारांवरची काही औषधंही करतात. मात्र ती औषधं कुणी स्वतःच्या मनानं बंद करायची नाहीत, लिहून देणाऱ्या डॉक्टरलाच विचारायचं, हे बाईंनी ह्यांच्याकडे बघून सांगितलं, का ते माहीत नाही.

"मग एमआरआय?" ह्यांनी विचारलं. आता राहू द्या, त्या म्हणाल्या. आधी ही कॅप्सूल बंद, मग रक्त पुन्हा. आकडा खाली आला तर कारण सापडलं. नाही आला, किंवा डोकेदुखी, नजरेचा त्रास सुरू झाला, तर एमआरआय ठरलेला.

बंद केल्यावरचे पहिले चार दिवस वाईट गेले. जळजळ अशी उसळली की रात्री उशीला टेकून बसून झोपले. त्यावर बाईंनी दोन आठवडे नुसती ॲसिडची गोळी दिली, दुसरा भाग नसलेली, आणि जेवणाची वेळ पाळायला सांगितली. हे दुसरं काम मेच्या लग्नसराईत करून दाखवा! मी दुकानाचं शटर दीड ते दोन अर्धं ओढायला लागले. गिऱ्हाइकं वाकून आत बघायची, मी भाकरी खात हात हलवायची.

दहा दिवसांनी प्रोलॅक्टिन ३१. दीड महिन्यानं १४. पाळी जूनमध्ये आली, आणि या वयात पाळी आली म्हणून आनंद झालेली मी एकटीच असेन. दूध मात्र आकड्याइतकं आज्ञाधारक नव्हतं. थेंब थेंब करत दोन महिने रेंगाळलं. त्या काळात मी दाबून बघितलं नाही. म्हणजे, दोनदाच बघितलं.

ही गोष्ट मी ट्रायलच्या पडद्यामागे दोघी-तिघींना सांगितली आणि मग बायका आपापलं सांगायला लागल्या. पन्नाशीतल्या एकीला वर्षभर हिरवट, चिकट यायचं. तिनं घाबरून देवाला नवस बोललेला. तपासल्यावर निघालं की दुधाच्या नळ्या वयानं रुंदावतात, त्यात साचतं ते येतं, त्रास नसेल तर काही करावं लागत नाही. एका तरुण मुलीनं बाळाचं अंगावरचं दूध तोडून सहा महिने झालेले, दाबलं की अजून थेंब येतो म्हणून ती रडकुंडीला आलेली. ते चालतं म्हणे काही महिने. आणि एकीनं हळूच विचारलं, आमच्या ह्यांच्या बनियनला डाग पडतो, पुरुषांना असं होतं का? मी तिला म्हटलं, माझ्याजवळ थांबू नको, उद्याच्या उद्या सर्जनकडे घेऊन जा. पुरुषाला आलं तर रंग कुठलाही असो, दाखवायचंच, एवढं मी बाईंना विचारून ठेवलं होतं.

राग कुणाचा करायचा हे अजून ठरलेलं नाही. पंधरा दिवसांचं औषध लिहिणाऱ्यानं पंधराच लिहिले होते, पण पुढं काय होऊ शकतं त्याचा शब्द काढला नव्हता. मेडिकलवाल्याचा येतो थोडा. माझा स्वतःचा जास्त येतो, कारण कापड घेताना मी किनार उलटून, सूत काढून, जाळून बघते, आणि सहा महिने रोज तोंडात टाकत होते त्या गोष्टीची मागची बाजू एकदाही वाचली नाही.

परवा जाऊबाई दुकानात आल्या होत्या. जेवण झालं, त्यांनी पर्समधून एक पट्टी काढली, पाण्याबरोबर एक गोळी घेतली. मी सुईत दोरा ओवायचं भिंग घेतलं आणि पट्टी मागितली. पॅन्टोप्राझोल आणि खाली डोमपेरिडोन. विचारलं, किती दिवस घेताय? म्हणाल्या, आता ते कोण मोजतंय. मी म्हटलं, डॉक्टरांना एकदा विचारून घ्या.

त्यांनी पट्टी माझ्या हातातून घेतली, पर्समध्ये खाली सारली आणि म्हणाल्या, "पण मला कुठं पान्हा फुटलाय?"